लेकीच्या टाचा दुखतायत, खो-खो बंद करायचा का?

रेवाआई, सांगली | ५ ऑक्टोबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. दोन महिने मनात घोळतंय ते आज लिहून टाकते.

माझी मुलगी साडेदहा वर्षांची, पाचवीत. तिसरीपासून खो-खो खेळते. जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि प्रियांका इंगळेच्या संघानं तो जिंकला, तेव्हापासून तर घरात दुसरा विषय नाही. आठवड्यातले सहा दिवस संध्याकाळी दोन तास मैदान. जूनमध्ये शाळेच्या संघात निवड झाली, तेव्हापासून सकाळी शाळेआधी पाऊण तास वेगळा सराव.

ऑगस्टमध्ये एक दिवस लक्षात आलं की ती जिना उतरते तेव्हा आवाजच येत नाही. एरवी आमची पोर खाली उतरली की तळमजल्यावरच्या काकूंना कळतं. दारात जाऊन बघितलं तर कठडा धरून, चवड्यांवर, एकेक पायरी उतरत होती. विचारलं तर "काही नाही गं". दोन दिवसांनी मैदानावरून आली ती लंगडतच. मोजे काढून टाच बघितली. सूज नाही, लाली नाही, काटा नाही, कुरूप नाही. पण टाचेच्या दोन्ही बाजूंनी बोटांनी दाबलं तर डोळ्यांत टचकन पाणी. डावी जास्त, उजवी थोडी कमी.

शाळेत सांगितलं तर उत्तर मिळालं, "सरावाचा कंटाळा आला की मुली अशी कारणं काढतात." मला ते फार लागलं. ही मुलगी अंगात कणकण असली तरी मैदान चुकवत नाही. मग एका दवाखान्यात एक्स-रे काढला. तिथे सांगितलं की टाचेच्या हाडाचे तुकडे दिसतायत, सहा आठवडे प्लास्टर घालू आणि वर्षभर खेळ बंद. मी "विचार करून सांगते" म्हणून परत आले. पोर रात्रभर रडली, पायासाठी नाही, खेळासाठी.

सासूबाई म्हणतात हाडं वाढतायत, तेल लाव, जाईल. हे म्हणतात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू. माझं डोकं चालेनासं झालंय. कुणाच्या मुलांना असं झालंय का?

माणदेशी | ५ ऑक्टोबर, रात्री १०.०५

ताई, घाबरू नका. माझ्या भाच्याला बाराव्या वर्षी अगदी हेच झालं होतं, तो फुटबॉल खेळायचा. आता सतरा वर्षांचा आहे आणि व्यवस्थित पळतो. 'सेव्हर्स डिसीज' असं नाव सांगितलं होतं. प्लास्टरची घाई करू नका, आधी दुसरं मत घ्या.

वाटसरू | ५ ऑक्टोबर, रात्री १०.३०

कॅल्शियम कमी असेल. दूध-नाचणी वाढवा.

अस्थितज्ज्ञ, कोल्हापूर | ५ ऑक्टोबर, रात्री ११.२०

रेवाआई, मुलीला न तपासता मी निदान करणार नाही. पण तुम्ही जे वर्णन केलंय ते इतकं नेहमीचं आहे की थोडं सविस्तर लिहितो. माझ्याकडे अशी मुलं दर पंधरवड्याला येतात, आणि शाळांच्या स्पर्धा जवळ आल्या की जास्तच.

टाचेचं हाड लहानपणी एकसंध नसतं. पाच ते नऊ वर्षांच्या दरम्यान कधीतरी, मुलींमध्ये आधी आणि मुलांमध्ये मागाहून, त्याच्या मागच्या कडेला हाडाचा आणखी एक तुकडा तयार व्हायला लागतो. एक्स-रेमध्ये तो चंद्रकोरीसारखा दिसतो. मूळ हाड आणि ही कोर यांच्यामध्ये कूर्चेचा, म्हणजे अजून हाड न झालेल्या मऊ भागाचा, पट्टा असतो. पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत दोन्ही जुळून एक होतात आणि पट्टा नाहीसा होतो. तोवर ती जागा टाचेतला कच्चा दुवा असते.

आता त्या दुव्यावर काय काय येतं बघा. पोटरीचा स्नायू ज्या जाड दोरीनं टाचेला बांधलेला आहे, ती अकिलिसची कंडरा वरून ओढते. तळपायाचा पडदा खालून पुढे ओढतो. आणि पळताना, उडी मारून उतरताना टाच जमिनीवर आपटते ते वेगळंच. मूल झपाट्यानं उंच व्हायला लागलं की हाडं आधी लांबतात, पोटरीचा स्नायू मागे राहतो. दोरी ताणलेलीच राहते. त्यात रोज दोन-तीन तासांचा खेळ. म्हणून हे दुखणं मुलींना साधारण आठ ते बारा आणि मुलांना दहा ते चौदा या वयात जास्त दिसतं, आणि खेळणाऱ्या मुलांनाच जास्त दिसतं. बऱ्याचदा दोन्ही टाचा दुखतात.

डिसीज या शब्दाला बिचकू नका. बोस्टनच्या जेम्स सेव्हर नावाच्या अस्थितज्ज्ञानं १९१२ साली याचं वर्णन लिहिलं, म्हणून त्याचं नाव चिकटलं. रोग म्हणावा असं यात काही नाही. कूर्चा जुळली की दुखणं कायमचं जातं, आणि पुढे टाच वाकडी होणं, पाय आखूड राहणं असलं काही मागे ठेवत नाही.

एक्स-रेबद्दल मुद्दाम लिहितो, कारण गडबड तिथेच होते. ती चंद्रकोर जास्त पांढरी दिसणं, दोन-तीन तुकड्यांत दिसणं हे न दुखणाऱ्या टाचेतही सर्रास सापडतं. तुमच्या मुलीच्या वर्गातल्या दहा मुलींचे एक्स-रे काढले तर त्यातही असे तुकडे दिसतील. त्यामुळे नुसत्या तुकड्यांवरून हाड मोडलंय असं म्हणता येत नाही. आम्ही एक्स-रे काढतो तो दुसरं काही नाही ना याची खात्री करायला. या दुखण्याचं निदान होतं ते तुम्ही घरी जे केलंत त्यावरून: टाच दोन्ही बाजूंनी दाबून बघणं, आणि खेळलं की वाढतं, विश्रांतीनं उतरतं ही हकीकत.

प्लास्टर किंवा पाय स्थिर ठेवणारा बूट अगदी क्वचित, पाऊल टेकवणंच अशक्य झालं असेल तर दोन-तीन आठवड्यांपुरता देतो. टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन या दुखण्याला द्यायचं नसतं. कुणी सुचवलं तर उठून या.

वाटसरू, नाचणी चांगलीच आहे, खाऊ द्या. पण हे दुखणं कॅल्शियम कमी पडल्यामुळे होत नाही. आपल्याकडे ड जीवनसत्त्व बऱ्याच मुलांमध्ये कमी असतं, शंका असेल तर तपासून घ्यावं, पण गोळ्या चालू केल्यानं टाच थांबेल या भरवशावर राहू नका.

रेवाआई, सांगली | ६ ऑक्टोबर, सकाळी ६.५०

डॉक्टर, तुमचं लिहिणं रात्री तीनदा वाचलं. ह्यांनाही वाचून दाखवलं. आज बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली. एक गंमत म्हणजे आमच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं हिच्या उंचीच्या खुणा आहेत. सकाळी उठून मोजलं. मार्चच्या खुणेपासून आत्तापर्यंत साडेचार सेंटिमीटर वाढलीय. त्याआधीच्या अख्ख्या वर्षात पाच.

मिरजेला एका अस्थितज्ज्ञांची वेळ घेतलीय. तोवर खेळ पूर्ण बंद ठेवू का? हा प्रश्न तिचाच आहे, शेजारी उभी राहून वाचतेय.

मैदानकर, सातारा | ६ ऑक्टोबर, दुपारी १.१५

मी वीस वर्षं मुलांना खो-खो शिकवतोय. आधी त्या "कारणं काढतात" बद्दल. ताई, हे वाक्य मीही पूर्वी बोललेलो आहे. २००९ की १० साली एका मुलाला मी असंच दामटवत राहिलो, त्यानं पुढे खेळच सोडला. आजही तो बाजारात दिसला की मला त्याची टाच आठवते. तेव्हापासून कुणी टाच दुखते म्हटलं की मी आधी त्याला एका पायाच्या चवड्यावर उभं राहून दहा वेळा वर-खाली व्हायला सांगतो. तोंडावरून कळतं. दुखण्याचं सोंग करणाऱ्या मुलाला नेमकं कुठे दुखलं पाहिजे हे ठाऊक नसतं.

आपल्या खेळाबद्दल थोडं. लोकांना वाटतं खो-खो म्हणजे पळणं. पण आक्रमणाला आठ जण पाटीवर बसलेले असतात ते कसे? चवड्यावर भार, टाचा उचललेल्या, पोटरी आवळलेली, कधी खो मिळेल याची वाट बघत. खो मिळाला की त्याच आवळलेल्या पोटरीतून उसळी. पुढे खांबाला वळसा, सूर, पुन्हा उठणं. एका डावात मूल असं कितीदा उठतं-बसतं ते मोजून बघा. डॉक्टरांनी जी दोरी सांगितली तिला खो-खोइतकं काम दुसऱ्या कुठल्या खेळात पडत असेल असं मला वाटत नाही. त्यात निम्मी मुलं पातळ तळव्याच्या कॅनव्हासमध्ये किंवा अनवाणी, आणि मैदान पावसाळ्यानंतर सुकून दगडासारखं झालेलं.

तुमच्या मुलीचं गणित मांडू. आठवड्याला बारा तास संध्याकाळचे, वर साडेचार तास सकाळचे. साडेसोळा तास! वय साडेदहा. वयाची जितकी वर्षं त्याहून जास्त तास आठवड्याला एका मुलाला खेळवू नये, हा एक ठोकताळा मी पाळतो. सकाळचा सराव तर आजच बंद करा. जूनमध्ये तो वाढला आणि ऑगस्टमध्ये टाच बोलली, यात मला तरी काही कोडं दिसत नाही.

पण पूर्ण बंद? नको. खो देणं, दिशा ओळखणं, संरक्षणात पळतीच्या वाटा, डोळ्यांचं काम, हे सगळं चालत चालत शिकवता येतं. मैदानावर येऊ द्या. संघात बसू द्या. घरी बसवलेलं मूल दुसऱ्याच कारणानं आजारी पडतं.

फिजिओ, मिरज | ६ ऑक्टोबर, रात्री ८.३०

मैदानकर सर, तुमच्यासारखे प्रशिक्षक प्रत्येक शाळेला मिळोत.

रेवाआई, मी लहान खेळाडूंवर काम करते. माझ्याकडे आलेल्या मुलांना जे सांगते तेच लिहिते. तुमचे डॉक्टर वेगळं काही म्हणाले तर त्यांचं ऐका.

आधी बूट. तिचा कॅनव्हास हातात घ्या आणि मधून दुमडून बघा. वहीसारखा सरळ दोनात मिटला तर तो टाचेला काहीही मदत करत नाही. टाचेच्या मागची बाजू अंगठ्यानं दाबा, ती लगेच आत गेली तरी तेच. थोडी उंच आणि मऊ टाच असलेले, मागून घट्ट असलेले पळण्याचे बूट घ्या. आत सिलिकॉनचे हील कप, म्हणजे टाचेखाली ठेवायच्या मऊ वाट्या, घाला, मेडिकलच्या दुकानात जोडी मिळते. टाच सहा ते दहा मिलिमीटर वर उचलली की पोटरीची दोरी तेवढी सैल पडते. एकच टाच दुखत असली तरी दोन्ही बुटांत घालायचे, नाहीतर कंबर वाकडी धरून चालायची सवय लागते.

मग पोटरीचा ताण. भिंतीला दोन्ही हात टेकून उभं राहायचं, दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, बोटं सरळ भिंतीकडे. हळूच पुढे झुकायचं, पोटरीत ओढ जाणवली की तिथे तीस आकडे मोजायचे. तीनदा. नंतर हेच मागचा गुडघा किंचित वाकवून, म्हणजे आतला दुसरा स्नायू ताणला जातो. हिसके द्यायचे नाहीत. ओढ पोटरीत आली पाहिजे. टाचेत कळ आली तर तिथेच थांबायचं. पहिल्या आठवड्यात टाच फारच हुळहुळी असेल तर ताण देऊ नका, आधी दुखणं उतरू दे.

खेळून आल्यावर बर्फ. कागदी पेल्यात पाणी भरून फ्रीजरमध्ये ठेवायचं, वरची कड फाडायची, टाचेवर पातळ फडकं टाकून त्यावरून दहा-पंधरा मिनिटं फिरवायचं. मुलांना हे आवडतं, स्वतःच करतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिला स्वतःच्या दुखण्याला आकडा द्यायला शिकवा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे पाऊल टेकवत नाही. खेळताना दोन-तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते उतरलेलं हवं. चार झालं की मैदानाबाहेर. लंगडायला लागली की आकडा विचारायचाच नाही, थेट थांबवायचं. आणि खेळता यावं म्हणून दुखण्याची गोळी देऊन मैदानावर कधीही पाठवू नका. गोळीनं आकडा खोटा होतो.

मनमोकळं एक सांगते. नेदरलँड्समध्ये शंभरेक मुलांचे तीन गट करून अभ्यास झाला होता, २०१६ साली छापून आला. एका गटानं नुसता भार कमी करून वाट बघितली, दुसऱ्याला टाच उचलणारा आधार दिला, तिसऱ्याला फिजिओथेरपी. तीन महिन्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले होते. म्हणून माझ्याकडे महागडी यंत्रं लावून वीस बैठका घ्यायला मी कुणाला सांगत नाही. एकदा-दोनदा येऊन शिकून जावं, बाकी घरीच करायचं.

सुमनआजी | ७ ऑक्टोबर, सकाळी ११.००

माझ्या नातवाला मी रोज रात्री कोमट तिळाचं तेल लावते. त्याला झोप छान लागते. तेही बंद करायचं का बाळा?

फिजिओ, मिरज | ७ ऑक्टोबर, दुपारी २.१०

नाही हो आजी, मुळीच बंद करू नका. पोटरीला लावा, खालून वर हलक्या हातानं. फक्त टाच दोन्ही बाजूंनी रगडू नका, तीच जागा हळवी असते. तुमच्या हातानं पोटरी सैल होते, आणि मूल दिवसभराचं दुखणं त्याच वेळी सांगतं. आईबापांपेक्षा आज्यांना आधी कळतं, हे मी रोज बघते.

पैंजण, ठाणे | ७ ऑक्टोबर, रात्री ९.५५

इथे सगळे बुटांचं लिहितायत, पण आमच्याकडे बूटच नसतात! मुलगी नऊ वर्षांची, भरतनाट्यम् शिकते. तट्टडवू म्हणजे अनवाणी पायानं जमिनीवर पाऊल आपटायचं, तेही अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसून, आणि क्लास एका इमारतीच्या हॉलमध्ये, खाली फरशी. मार्चमध्ये परीक्षेची तयारी चालू होती तेव्हा तिच्या टाचा धरल्या. आधी मला वाटलं भेगा पडल्यात.

आमच्या गुरूंनी खूप समजून घेतलं. दोन महिने तिनं अडवू, म्हणजे नाचातली मूळ पावलं, पाऊल न आपटता, नुसतं टेकवून केले. बोल तोंडानं म्हणायचे, हस्त आणि नजर पूर्ण करायची. अभिनयाच्या रचना त्या काळात जास्त घेतल्या, त्यामुळे मागे पडल्यासारखं वाटलं नाही तिला. मुलीचे वर्ग आता लाकडी जमिनीच्या हॉलमध्ये हलवलेत, त्याचा फरक सगळ्याच मुलींना जाणवला.

खरा प्रश्न घरचा होता. डॉक्टर म्हणाले, घरातही अनवाणी फिरू देऊ नका. आमच्या घरात चप्पल! सासऱ्यांना ते पटेना, स्वयंपाकघर आणि देवघर लागूनच आहे. शेवटी मऊ रबरी चपलांची नवी जोडी आणली, सासऱ्यांच्या हातानं तिला दिली, ती कधी उंबऱ्याबाहेर न्यायची नाही असं ठरलं. देवघराशी काढते, बाकी दिवसभर पायात. दहा-बारा दिवसांत सकाळचं लंगडणं गेलं. मला वाटतं सगळ्यात जास्त गुण त्या चपलांनीच दिला.

जर्सीकर | ८ ऑक्टोबर, सकाळी ८.२०

न्यू जर्सीहून लिहितोय. इथे सॉकर खेळणाऱ्या मुलांच्या आईबापांना 'सेव्हर्स' हा शब्द पाठ असतो. माझा मुलगा अकरा वर्षांचा, शाळेचा संघ आणि क्लबचा संघ, दोन्हीकडे. शनिवार-रविवारच्या स्पर्धेत दोन दिवसांत चार सामने. गेल्या वर्षी सीझन सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि गाडीतून उतरताना तो चवड्यावर चालायला लागला.

एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. खिळ्यांचे बूट टाचेला अजिबात उचलत नाहीत, उलट मऊ जमिनीत टाच थोडी खालीच जाते. सरावाला साधे टर्फचे बूट आणि आत हील कप, सामन्यालाच खिळे, असं केलं. आणि दोनातला एक संघ सोडला. त्या दिवशी घरात फार वाईट वातावरण होतं, पण महिन्याभरानं तो स्वतःच म्हणाला, बरं झालं.

इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सची, शिफारस अशी आहे की एकाच खेळातून आठवड्याला एक-दोन दिवस सुट्टी हवी, आणि वर्षात एकूण तीन महिने तरी तो खेळ बाजूला ठेवावा, हवं तर एकेक महिन्याच्या हप्त्यांनी. हे वाचलं तेव्हा मला माझं लहानपण आठवलं. सोलापूरला आम्ही पावसाळ्यात विटीदांडू, थंडीत पतंग, परीक्षा संपल्यावर क्रिकेट असं खेळायचो. सुट्टी आपोआप पडायची.

निळी छत्री, नाशिक | १० ऑक्टोबर, रात्री १०.४५

मी लिहू की नको असा विचार चार दिवस करत होते. कुणाला घाबरवायचं नाही. पण आमच्या घरी उलटं झालं, म्हणून लिहिते.

माझ्या मुलाची टाच अकराव्या वर्षी दुखायला लागली. तो क्रिकेट खेळायचा, त्यामुळे सगळ्यांनी, आम्हीसुद्धा, हेच समजून हील कप आणि बर्फ केला. पाच महिने गेले. आता मागे बघताना कळतं की खुणा वेगळ्या होत्या. त्याचं दुखणं सकाळी सगळ्यात जास्त असायचं. उठल्यावर तासभर पाय आखडलेले, दात घासायलाही भिंत धरून जायचा. आणि मैदानावर पळून आला की उलट मोकळा व्हायचा! टाचेच्या मागे सूज होती, आम्ही ती बुटाची समजलो. नंतर गुडघा सुजला. शेवटी संधिवाताच्या डॉक्टरांकडे पोचलो. मुलांमधला संधिवाताचा एक प्रकार निघाला, कंडरा हाडाला चिकटते तिथेच सूज आणणारा. डोळ्यांचीही तपासणी करावी लागली, कारण या आजारात डोळ्याच्या आत सूज येऊ शकते. औषधं चालू आहेत, आता तो बरा आहे, पुन्हा गोलंदाजी करतो.

पाच महिने उगाच गेले याची रुखरुख अजून आहे. मुलाची टाच सकाळी जास्त आणि खेळून कमी होत असेल, तर कृपया थांबू नका.

अस्थितज्ज्ञ, कोल्हापूर | १० ऑक्टोबर, रात्री ११.३०

निळी छत्री, तुम्ही लिहिलंत ते फार चांगलं केलंत. हे माझ्याच पहिल्या उत्तरात यायला हवं होतं.

त्यात भर घालतो. ताप असेल, टाच गरम-लाल-सुजलेली असेल, झोपेतून जागं करणारं दुखणं असेल, न खेळताही दुखत असेल, वजन किंवा भूक कमी होत असेल, उंचावरून पडल्यावर सुरू झालं असेल, किंवा मूल पाऊल टेकवायलाच तयार नसेल, तर ते सेव्हर्स समजून घरी ठेवू नका. हाडाचा जंतुसंसर्ग, आपल्याकडे हाडाचा क्षय, हाड खरोखर तडकणं, आणि क्वचित याहून गंभीर गोष्टीही टाचेतून सुरू होतात. सहा-आठ आठवडे भार कमी करूनही काडीचा फरक पडला नाही तरी पुन्हा दाखवा.

रात्री पोटऱ्या, मांड्या दुखतात, सकाळी मूल टुणटुणीत असतं, ते 'वाढीचं दुखणं' वेगळं. त्यात टाच दाबून दुखत नाही. आज्या 'हाडं वाढतायत' म्हणतात ते बहुधा तेच असतं.

रेवाआई, सांगली | १९ ऑक्टोबर, दुपारी ३.३०

मिरजेला जाऊन आलो. डॉक्टरांनी जुना एक्स-रे दिव्यावर धरला आणि तिला जवळ बोलावून ती चंद्रकोर बोटानं दाखवली. "हे तुझं हाड वाढतंय, मोडलेलं नाही," असं तिलाच सांगितलं. मला नाही, तिला. बाहेर आल्यावर पोरगी म्हणाली, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते ना?" मला रस्त्यात उभ्या उभ्या रडू आलं. इतके दिवस ती हे मनात धरून होती.

निदान तेच, सेव्हर्स. तीन आठवडे पळणं-उडी नाही, सायकल आणि पोहणं चालेल. सकाळचा सराव बंद. हील कप अडीचशे रुपयांना मिळाले. शाळेत डॉक्टरांची चिठ्ठी दिली. तिथली भाषा एकदम बदलली असं नाही, पण बसून खो द्यायचा सराव करायला हरकत नाही म्हणालेत.

दिवाळीची सुट्टी लागली हे देवाचंच देणं. मात्र किल्ला करायला बसली ती चवड्यांवर! दोन तास, मैदानात बसते तशीच. संध्याकाळी आकडा पाच. मग पाटावर बसून माती कालवायची असं ठरलं. प्रतापगड झालाय.

मैदानकर, सातारा | १९ ऑक्टोबर, सायं. ७.००

फोटो टाका किल्ल्याचा. आणि तिला सांगा, सुट्टीत संरक्षणाच्या वाटा वहीत काढायच्या. मी बघून देईन.

जिरेमिरे | २ नोव्हेंबर, रात्री ९.१०

धागा शोधत शोधत इथे आले. मुलगा बारा वर्षांचा, त्याचं टाच नाही, गुडघ्याखालचं हाड पुढे आलंय आणि दुखतं. बास्केटबॉल खेळतो. हे त्यातलंच का?

अस्थितज्ज्ञ, कोल्हापूर | २ नोव्हेंबर, रात्री १०.४०

त्याच घरातलं भावंड म्हणा. गुडघ्याखाली मांडीच्या स्नायूची कंडरा जिथे नडगीला चिकटते तिथेही अशीच वाढीची जागा असते. त्याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात, १९०३ साली दोघांनी वेगवेगळं लिहिलं. तिथे पुढे आलेला उंचवटा बऱ्याचदा कायम राहतो, दुखणं जातं. एकदा तपासून घ्या, आणि नव्या धाग्यात विचारलंत तर सविस्तर लिहीन.

रेवाआई, सांगली | ७ डिसेंबर, रात्री ८.१५

बरेच दिवस आले नाही, कारण सांगण्यासारखं रोज तेच होतं. भिंत, तीस आकडे, बर्फाचा पेला. सरळ रेषेत बरं होत नाही हे, एवढं नव्या आयांना सांगते. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आकडा एकवर आला म्हणून तिनं मला न सांगता मैत्रिणींबरोबर पूर्ण सराव केला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा. मी ओरडले नाही. तिनंच वहीत लिहिलं, "काल १ तास ५० मि., आज ६." मैदानकर काकांच्या वाटा काढल्यात त्याच वहीत. त्यानंतर दर आठवड्याला दहा मिनिटं वाढवत गेलो. वीस, तीस, चाळीस.

काल आंतरशालेय सामना होता. पहिल्या डावात ती राखीव होती. दुसऱ्या डावात आक्रमणाला सहाव्या पाटीवर बसवली. मी तिच्या टाचांकडेच बघत बसले होते, सामना कुणी जिंकला ते मला शेजारणीला विचारावं लागलं. आमची शाळा तीन गुणांनी हरली. तिनं दोन गडी बाद केले, त्यातला एक सूर मारून. बाहेर आली, बूट काढला, दोन बोटांनी स्वतःची टाच दाबली आणि मला लांबूनच तीन बोटं दाखवली.

आज रविवार, सुट्टी. सकाळी मी पोळ्या करत होते आणि जिन्यावरून धाड धाड आवाज आला. तळमजल्यावरच्या काकू वर बघून म्हणाल्या, "उठली वाटतं बाई." एवढंच सांगायला आज लॉग इन केलं.

पैंजण, ठाणे | ७ डिसेंबर, रात्री ८.४०

वाचून डोळे भरले. हील कप कुठल्या मापाचे घेतले होते? आमचे आता लहान व्हायला लागलेत.

रेवाआई, सांगली | ७ डिसेंबर, रात्री ९.०५

लहान माप घेतलं होतं, आता मधलं आणावं लागणार. बुटाचा नंबरही एकनं वाढलाय. घेताना तिला बरोबर घेऊन जा, दुकानात बूट घालून चालवून बघा, कप घातल्यावर टाच बुटातून वर निसटते का ते.